परड्यातलं मासिक आणि त्याचे विखुरलेले अंक

बंद पडलेल्या मासिकाचा जन्म शोधायचा असेल तर त्याचा मार्चचा अंक आधी मिळवावा. दरवर्षी फेब्रुवारी संपला की पुढं जो पहिला अंक निघेल त्यात मालक कोण, प्रकाशक कोण, मुद्रक कोण, संपादक कोण, अंक कुठून आणि किती दिवसांनी निघतो हे सगळं 'फॉर्म ४' म्हणून छापावं लागायचं. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६ च्या नियमांतच ते बंधन होतं. वाचक ती चौकट न वाचताच पान उलटतो. आम्हाला मात्र त्या चौकटीनंच पहिला धक्का दिला. अख्खा खानापूर तालुका ज्याला 'गुरुजींचं मासिक' म्हणायचा, त्याच्या मालक, प्रकाशक आणि संपादक या तिन्ही ओळींत गुरुजींच्या पत्नीचं नाव होतं.

मासिकाचं आणि गावाचं नाव इथं छापू नये अशी घरच्यांची इच्छा आहे, म्हणून मी ते लिहीत नाही. गाव खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटीच्या रस्त्याला लागून आत. सत्तरच्या दशकात सुरू झालेलं हे मासिक नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिलं. विषय एकच, घर आणि घराभोवतीची जमीन. परड्यात काय लावायचं, गोठ्यातलं शेण-मूत वाया कसं घालवायचं नाही, बी कसं राखायचं, कोंबड्यांना मर लागली तर काय करायचं, कोकम कसं सुकवायचं, चुलीचा धूर घराबाहेर कसा काढायचा. साधारण १६ पानं, आतला कागद न्यूजप्रिंट, वरचं कव्हर एका रंगात. माझ्या आजोळी त्याचा अंक यायचा आणि मामी तो तांदळाच्या डब्यावर ठेवायची, एवढीच माझी त्याच्याशी जुनी ओळख. पुढं वाचनालयात काम करताना एका वाचकानं चौकशी केली, तेव्हा लक्षात आलं की या मासिकाचा सलग संच कुठंच नाही. तिथून आम्ही तिघं-चौघं या कामात पडलो.

गुरुजी सरकारी प्राथमिक शाळेत होते. सरकारी नोकराला वरिष्ठांच्या परवानगीशिवाय नियतकालिक काढता येत नाही, त्याचं संपादनही करता येत नाही. त्यामुळं नाव काकूंचं घातलं असणार, काम गुरुजीच करत असणार, असं घरच्यांसकट सगळे धरून चालले होते. ते खरं वाटावं असंच होतं. पण त्यांच्या सुनेनं माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक काढून दिली. तिच्यात मुद्रितं होती, म्हणजे छापखान्यातून तपासायला आलेले कच्चे कागद. त्यांच्या समासात दुरुस्त्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या एकाच हाताच्या. ते अक्षर गुरुजींचं नव्हतं. गुरुजींचं अक्षर गावात शंभर जणांच्या दाखल्यांवर आहे, कुणीही ओळखेल. ही होती काकूंची बारीक, उजवीकडं झुकलेली लिपी. एका लेखाच्या शेवटी त्यांनी लिहिलं आहे: 'हे कोणी करून पाहिले? करून पाहिल्याशिवाय छापू नये.' तो लेख पुढच्या चार अंकांत कुठंच नाही. नंतर तो छापला गेला, तेव्हा त्याखाली दोन बायकांची नावं आणि त्यांनी किती रोपं लावली, किती जगली याचा हिशेब आहे. असं संपादन मी मोठमोठ्या शेतकी मासिकांत पाहिलेलं नाही.

मुळाशी जायचं तर याही मागं जावं लागतं. काकूंचं माहेर किर्लोस्करवाडीच्या आसपासचं. आपल्याकडं लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनापाशी वसवलेली किर्लोस्करवाडी. त्या कारखान्यातून १९२० साली शं. वा. किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, हे मात्र कमी लोक सांगतात. कारखान्याच्या आणि गिऱ्हाइकांच्या बातम्या देणारं ते पत्रक वाढत वाढत 'किर्लोस्कर' मासिक झालं, पुढं १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' आलं. काकूंच्या माहेरी 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री'चे बांधलेले खंड होते. नांगर विकणाऱ्या माणसांनी वाचकाशी बोलायला मासिक काढलं ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली असावी, कारण त्यांच्या पहिल्या संपादकीयात नांगराचा आणि मासिकाचा उल्लेख एकाच वाक्यात येतो.

दुसरा धागा कोल्हापूरचा. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचं काम तेव्हा जोरात होतं. शेतकऱ्यानं स्वतः प्रयोग करावा, मोजावा, दुसऱ्याला सांगावं, आणि दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, ही त्यांची मांडणी. आपल्या भागातल्या वाटण्या होऊन होऊन उरलेल्या तुकड्यांना ती नेमकी लागू पडत होती. गुरुजी त्यांची भाषणं ऐकायला जात आणि टिपणं आणत. तिसरा धागा धारवाडचा. तिथल्या कृषी महाविद्यालयाची पत्रकं कानडीत आणि इंग्रजीत यायची. गुरुजींचं कानडी उत्तम. ते वाचून सांगत, काकू मराठीत लिहीत आणि खाली 'धारवाडच्या पत्रकावरून' अशी ओळ न चुकता टाकत. १९५६ साली हा भाग म्हैसूर राज्यात गेल्यावर सरकारी शेतकी खात्याचा कागद आपल्याकडं कानडीत येऊ लागला. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला तो वाचता येत नसे. पुरुष बाजारात, कचेरीत कानडी शिकले, घरातल्या बायकांना तेवढी वाट नव्हती. या मासिकाची गरज तिथून उभी राहिली असं माझं ठाम मत झालं आहे.

त्याच सुमाराला, १९७० साली, अमेरिकेत जॉन आणि जेन शटलवर्थ या नवरा-बायकोनं 'मदर अर्थ न्यूज' घरातूनच सुरू केलं. शहर सोडून जमिनीकडं निघालेल्या तरुणांसाठी ते होतं. आमच्या काकूंचे वाचक जमीन सोडून कुठं गेलेच नव्हते. मुलगा मुंबईत गिरणीत किंवा गोव्यात कामाला, आणि घरी सासू, सून, दोन म्हशी, एवढ्यांनी चालवायचं परडं. त्यामुळं स्वावलंबनावरची भाषणं या मासिकात जवळजवळ नाहीत. आहे ते सगळं कसं करायचं, किती घ्यायचं, कधी घ्यायचं.

छापील अंकाच्या आधी काकू सायकलोस्टाइल केलेला एक कागद काढत होत्या, हेही ट्रंकेतूनच कळलं. १९७२ च्या दुष्काळात सांगली-सोलापूरकडचे पाहुणे खानापूरकडं येऊन राहत. रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, खाऊन कंटाळलेली ती माणसं. त्यांना इथल्या बायकांनी नाचणीची आंबील, रताळ्याचा कीस, फणसाच्या आठळ्या असं काय काय करून घातलं, त्याची कृती महिला मंडळानं मागितली. काकूंनी ती स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं कोरली आणि बेळगावातून प्रती काढून आणवल्या. तो कागद म्हणजे या मासिकाचं बीज. आमच्याकडं त्याच्या थोड्याच प्रती आहेत, शाई उडालेल्या, पण वाचता येतात.

आता अंक गोळा करण्याचं. कार्यालयीन संच घरात होता, पण पावसाच्या गळतीत आणि वाळवीत बराच गेला. उरलं ते वर्गणीदारांचं रजिस्टर. डाकखात्याच्या सवलतीच्या दरानं अंक पाठवायचा तर कायद्यानं दोन गोष्टी लागत. अंक जास्तीत जास्त ३१ दिवसांच्या अंतरानं निघाला पाहिजे आणि खऱ्या वर्गणीदारांची यादी पाहिजे. त्या यादीपायी हे रजिस्टर इतकं नीट ठेवलं गेलं. नाव, गाव, मनीऑर्डरची तारीख, वर्गणी संपल्याची तारीख. नंदगड, हलशी, लोंढा, कणकुंबी, बेळगावच्या आसपासची उचगाव, बेळगुंदी, कडोली, शिवाय निपाणी, आणि हद्दीपलीकडची चंदगड, आजरा, गडहिंग्लज. चंदगडचा माणूस बाजाराला बेळगावातच येतो, त्याला मासिक दोन राज्यांचं वाटायचं कारण नव्हतं. आम्ही रजिस्टर समोर ठेवून गावं ठरवली आणि पाऊस संपल्यावर निघालो. कणकुंबीकडं पावसाळ्यात कागद घेऊन फिरणं शक्यच नाही.

३१ दिवसांच्या नियमाचा आणखी एक परिणाम अंकांतच दिसतो. पावसात वीज जायची, छापखाना बंद पडायचा, कागद ओला व्हायचा, पण अंक चुकवता येत नसे. अशा वेळी चारच पानांचा अंक निघाला आहे. लोक त्याला जाहिरातीचा कागद समजून टाकून देतात, आणि यादी करणारा त्याला पुरवणी समजतो. वरच्या कोपऱ्यात 'वर्ष' आणि 'अंक' बघावं. क्रमांक पुढं सरकला असेल तर तो पूर्ण अंक आहे, चार पानांचा का असेना.

घरोघरी फिरताना मला सगळ्यात मोठी गोष्ट कळली ती अशी. ज्यांनी अंक नीट ठेवले होते त्यांच्याकडं बांधलेले खंड होते, जाड पुठ्ठ्याचे, पाठीवर सोनेरी अक्षरं. बघून हात जोडावेसे वाटले. पण बाइंडरनं कव्हरं काढून टाकलेली. कव्हरांबरोबर बियाण्याच्या, पंपाच्या, तंबाखू वखारीच्या जाहिराती गेल्या, वर्गणीचे दर गेले, आणि कडा मशीनवर कापल्यामुळं समासात लिहिलेलंही अर्धवट गेलं. उलट ज्या घरात अंक तेलकट, शेणाच्या हातांचे, कोपरे दुमडलेले मिळाले, तिथं प्रत्येक पानावर काहीतरी लिहिलेलं होतं. 'मीठ जास्त झाले.' 'आमच्या जमिनीला हे लागू नाही.' 'रोहिणीत लावले, मृगात मेले. परत मृगातच लावावे.' अशी प्रत हातात आली की बांधलेला खंड बाजूला ठेवावा लागतो.

आणि जे अंक कुठंच मिळत नव्हते ते नेमके सगळ्यात जास्त वापरले गेलेले. आपल्याकडं बटाटा, रताळी, भात, कोंबड्या आणि गोबर गॅस यांचे जे विशेषांक निघाले, त्यातले बहुतेक पहिल्या फेरीत मिळालेच नाहीत. संपादकीय, कविता, दिवाळीच्या गोष्टी असलेले अंक मात्र ढिगानं. बेळगुंदीकडच्या एका आजींना मी विचारलं, रताळ्यांचा अंक तुमच्याकडं आला होता, तो कुठं? त्या म्हणाल्या, "अगं, तो शेतावर न्हेला न्हवं. तितंच भिजून गेला. वाचून ठेवून काय करायचं? करूनच बघितलं आमी." मग त्यांनी तो अंक तोंडानं सांगितला. वेलाचे तुकडे वीतभर, तीन-चार डोळ्यांचे घ्यायचे. वरंब्यावर लावायचे. वेल पसरला की मधूनमधून उचलून फिरवायचा, नाहीतर पेरापेराला मुळं फुटून रताळं बारीक राहतं. भर लावताना भेगा बुजवायच्या, भेगेतूनच भुंगा आत शिरतो. पुढं त्या अंकाची प्रत चंदगडला मिळाली तेव्हा मी ताडून पाहिलं. आजींनी एकही गोष्ट गाळली नव्हती. उलट उन्हाळ्यात विहिरीच्या कडेला पाणी मिळेल अशा जागी बेण्याचा वेल जिवंत ठेवायचं त्यांनी जे सांगितलं, ते अंकात नव्हतंच. ते आम्ही यादीत त्या अंकापुढं वेगळं टिपलं आहे.

गोबर गॅसच्या अंकाची गोष्ट याहून वेगळी. त्यात खादी ग्रामोद्योग पद्धतीच्या, वर लोखंडी पिंप तरंगणाऱ्या संयंत्राचा आराखडा होता. शेण आणि पाणी समभाग, दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरं हवीत, असा हिशेब. हा अंक आम्हाला बऱ्याच घरी मिळाला, पण आराखड्याचं पान सगळीकडं फाडलेलं. कारण विचारलं की उत्तर एकच, गवंड्यानं नेलं. शेवटी आम्ही गवंड्यांची घरं विचारत गेलो. नंदगडच्या बाजूला एका गवंड्याच्या मुलानं बापाची मापांची वही दाखवली. तीत घडी घातलेलं ते पान होतं, एका कडेला चुन्यानं कडक झालेलं. खालचा भाग गळून गेला होता, पण मापं असलेला वरचा भाग शाबूत. त्या माणसानं त्या पानावरून आजूबाजूच्या गावांत संयंत्रं बांधली होती. पुढं पिंप गंजायची तक्रार वाचकांच्या पत्रांत वाढली आणि १९८४ नंतर विटांच्या घुमटाच्या दीनबंधू पद्धतीची माहिती मासिकात यायला लागली. तो बदल कसा झाला हे सलग पत्रं वाचल्याशिवाय कळत नाही. एका बाईनं लिहिलं आहे की पिंपाला दरवर्षी रंग द्यायचा खर्च नवऱ्याच्या हातात आणि शेण कालवायचं काम तिच्या, म्हणून रंग लागत नाही. काकूंनी ते पत्र पहिल्या पानावर छापलं.

अंक घरात आणल्यावर खरं चिकट काम सुरू झालं. न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन काढलेलं नसतं, म्हणून तो कागद आतून आंबट होत जातो, पिवळा पडतो आणि घडीवर मोडतो. तो थांबवता येत नाही, फक्त वेग कमी करता येतो. ऊन दाखवायची आपली सवय इथं उपयोगाची नाही, उन्हानं कागद आणखी पिवळा आणि कडक होतो. ओलसर अंक सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, पानांमध्ये कोरा शोषकागद घालून वाळवले. बुरशी ओली असताना पुसायची नाही, ती आत मुरते. पूर्ण वाळल्यावर अंगणात, तोंडाला कापड बांधून, मऊ ब्रशानं हळू झाडली.

कसर आणि चांदेरी किड्यांसाठी डांबराच्या गोळ्या घालाव्यात असं सगळे सुचवत होते. कागदाशी रोज बसायचं असल्यानं मला तो वास नको होता. त्याऐवजी थंडीचा उपाय केला. अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवले की किडे आणि त्यांची अंडी मरतात. एका नातेवाइकांचं आइस्क्रीमचं दुकान आहे, त्यांनी फ्रीजरचा एक कप्पा दिला. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नसते. आतला कागद घराच्या तापमानाला येईपर्यंत ती बंदच ठेवायची, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं आणि केलेलं सगळं वाया जातं.

गंजलेल्या पिनांनी मधली पानं लाल झाली होती. पिन ओढून काढली की कागद तिच्याबरोबर येतो. अंक पालथा ठेवून मागची टोकं पातळ सुरीनं सरळ करायची आणि मग पुढून अलगद उचलायची. जुन्याच भोकांतून सुती दोरा घालून सैल शिवायचं. चिकटपट्टीला हात लावायचा नाही. ज्या वाचकांनी प्रेमानं पारदर्शक पट्टी लावून ठेवली होती, तिथं पट्टी सुटली होती आणि तिचा गोंद पिवळा होऊन अक्षरांत उतरला होता. फाटकी पानं आम्ही पातळ जपानी कागदाचे तुकडे आणि मिथाइल सेल्युलोजची खळ वापरून जोडली. गव्हाच्या खळीनं जोडता येतं, पण ती किड्यांना आवडते आणि आपल्या दमट हवेत ती भीती जास्त.

स्कॅनरवर मोडकी पानं दाबायची नव्हती, म्हणून बहुतेक काम वरून फोटो घेऊन केलं. अंक सपाट, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड, फोन वर स्टँडला. न्यूजप्रिंट पातळ, मागची अक्षरं पुढं दिसतात, त्यासाठी प्रत्येक पानाखाली काळा कागद सरकवला की ती दिसेनाशी होतात. एवढ्या साध्या गोष्टीनं वाचनीयता किती वाढते ते करूनच बघावं. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांना, मजकूर चांगला येतो, जाहिरातींच्या बारीक टाइपाला ४०० घेतलं. प्रत्येक फाइलचं नाव वर्ष, अंक, पान या क्रमानं. कव्हराची चार पानं वेगळ्या क्रमांकांनी, म्हणजे कुणी ती परत गाळणार नाही.

मजकूर संगणकाला वाचायला लावण्याचा प्रयत्न केला. टेसरॅक्ट नावाचं अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर मराठी वाचतं, आणि डीटीपीवर झालेल्या पुढच्या वर्षांचे अंक बरेच वाचतंही. खिळे जुळवून ट्रेडल छापयंत्रावर छापलेल्या अंकांत रफार आणि वेलांट्या तुटलेल्या, काना शेजारच्या अक्षराला चिकटलेला, तिथं ते अडखळतं. ती पानं माणसानं टाइप करायची ठरली. शेवटच्या वर्षांच्या फ्लॉपीही मिळाल्या. त्यातल्या चालू होणाऱ्यांत पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या फाइली आहेत, मजकूर श्री-लिपी या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. तो युनिकोडमध्ये बदलता येतो, जोडाक्षरं मात्र हातानं तपासावी लागतात.

हक्कांचं काम मी थोडक्यात सांगते. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो, आणि बाहेरच्या लेखकांनी, पत्र लिहिणाऱ्यांनी लिहिलेल्या मजकुराचा हक्क मुळात त्यांचाच. मासिकाच्या घरच्यांनी परवानगी दिली म्हणजे सगळं सुटलं असं होत नाही. म्हणून सगळे अंक सर्वांसाठी खुले टाकायचे नाहीत, वाचनालयात बसून वाचायला ठेवायचे, आणि ज्या लेखकांचे वारस भेटतील त्यांच्याकडून लेखी संमती घेत जायचं, असं आम्ही ठरवलं. आतापर्यंत ज्यांना विचारलं त्यांतल्या कुणीही नाही म्हटलेलं नाही. बऱ्याच जणांना आपल्या आईनं मासिकात काही लिहिलं होतं हेच ठाऊक नव्हतं.

एक निपाणीचा मुलगा, तंबाखूच्या व्यापारातला, मोठा माणूस. त्याच्या आईचं पत्र १९८१ च्या एका अंकात आहे. त्या वर्षी निपाणीत शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. सगळी वर्तमानपत्रं त्यावर लिहीत होती. या बाईनं पत्रात लिहिलं की रस्त्यावर बसलेल्यांसाठी रोज भाकरी थापायच्या होत्या, जळण संपलं, तेव्हा तंबाखूची वाळलेली देठं चुलीत घातली आणि धुरानं सगळ्यांची डोकी गरगरली. तर देठं जळणाला घालू नका. एवढंच. तिचा मुलगा ते छापील पत्र वाचून बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "आमाला हे आई कधी बोललीच न्हाई ओ."

आता काम सूचीवर आलं आहे. सूची लेखकांच्या नावानं करायची की विषयानं, यावर आमच्यात वाद झाले. मी नक्षत्रांचा आग्रह धरला. काकू अंकात महिन्याच्या नावाखाली नक्षत्र छापत, आणि वाचकही तसंच विचारतात: मृगात काय, आर्द्रात काय, हस्ताच्या पावसात काय काढायचं. म्हणून विषयसूचीबरोबर रोहिणीपासून स्वातीपर्यंतची एक वेगळी सूची होते आहे. कॉलेजच्या दोन मुली पत्रं टाइप करतात. त्यातली एक कानडी माध्यमात शिकलेली, घरात मराठी बोलणारी. तिला अक्षर लावत वाचावं लागतं, पण बायकांच्या पत्रांतले शब्द तिला शब्दकोशाशिवाय कळतात, कारण तिची आजी तेच बोलते.

अजून न मिळालेल्या अंकांत बटाट्याचा विशेषांक आहे, कोंबड्यांच्या रोगांवरचे दोन जोडून आलेले अंक आहेत, आणि पहिल्या वर्षातला भाताच्या बियाण्यावरचा एक, ज्यात बेळगाव बासमतीचं बी घरी राखण्याबद्दल मोठा लेख होता असं पुढच्या अंकातल्या पत्रांवरून दिसतं. खानापूर, बेळगाव, निपाणी, चंदगड या भागात तुमच्या घरात माळ्यावर, ट्रंकेत, भाताच्या कणगीमागं जुनं शेतकी मासिक सापडलं तर ते उन्हात टाकू नका, चिकटपट्टी लावू नका, पिना ओढू नका, आणि बांधायला देणार असाल तर कव्हरं काढू देऊ नका. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि जवळच्या मराठी वाचनालयात जाऊन सांगा. फाटका अंक चालेल. नुसतं एक पान असलं तरी त्यावर पानाचा क्रमांक असतो, आणि तेवढ्यावरून त्याची जागा लागते.